एपिसोड २७ : भंवरी देवी कुणाच्या कर्मचारी होत्या?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इयरफोन आज घरीच राहिलेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. एक गोष्ट आधीच सांगतो. यात लैंगिक अत्याचाराचा उल्लेख आहे. तपशिलात फार जाणार नाही, पण तो टाळून ही गोष्ट सांगताच येत नाही. आज नको वाटत असेल तर हा भाग सोडून द्या, पुढच्या रविवारी भेटूच.

सुरुवात माझ्याच एका उद्योगापासून.

आमच्या कंपनीत दरवर्षी एक ऑनलाइन ट्रेनिंग असतं. पॉश म्हणतात त्याला, म्हणजे कामाच्या ठिकाणी बायकांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून असलेल्या कायद्याचं ट्रेनिंग. तुमच्याकडेही असेलच. चाळीसेक स्लाइड, प्रत्येक स्लाइडवर नेक्स्टचं बटण काही सेकंद बंद, शेवटी क्विझ. दोन वर्षांपूर्वी, रिलीजच्या आदल्या दिवशी, एचआरचं तिसरं रिमाइंडर आलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी ब्राउझरच्या कन्सोलमध्ये सहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. बटण आपोआप चालू, क्लिक पण आपोआप. चार मिनिटांत सर्टिफिकेट हातात. क्विझमध्ये शंभर टक्के, कारण उत्तरं ओळखता येतात. स्क्रिप्ट टीमच्या ग्रुपवर टाकली. धडाधड अंगठे आले. एकाने तर लिहिलं, "भावा, तू देव आहेस."

तीन-चार महिन्यांनी टीममधल्या एका मुलीने चहाच्या वेळी बाजूला घेऊन विचारलं, "समजा कुणाला तक्रार करायची असेल, तर ती कुणाकडे करायची असते रे?"

"एचआरकडे?" मी म्हणालो.

"एचआर नको."

मग आम्ही दोघं शोधत बसलो. समितीत कोण आहे, ईमेल कुठला. अर्धा तास गेला. ते सगळं त्याच ट्रेनिंगच्या एकतिसाव्या स्लाइडवर होतं. तिने पुढे काय केलं ती तिची गोष्ट आहे, मी इथे सांगणार नाही. पण तो अर्धा तास माझ्या डोक्यातून गेला नाही.

या सगळ्याचा इतिहास मला कळला तो मात्र ऑफिसात नाही. एक मैत्रीण सामाजिक संस्थेत काम करते. छोट्या संस्था चालवणाऱ्यांसाठी पुण्यात दोन दिवसांची कार्यशाळा होती. विषय असा की संस्थेतलं कामाचं वातावरण चांगलं कसं ठेवायचं, सगळ्यांना सामावून कसं घ्यायचं, माणसं जळून जाऊ नयेत म्हणून काय करायचं. मला तिने प्रोजेक्टर आणि झूम सांभाळायला पकडून नेलं. मी मागे बसून लॅपटॉपवर माझंच काहीतरी करत होतो.

शिकवणाऱ्या ताई साठीच्या पुढच्या. त्यांनी एका संस्थाचालक दादांना विचारलं, "तुमच्याकडे तक्रार समिती आहे का?"

"नाही ताई. आमची संस्था लहान. दहा माणसांच्या आत आहोत."

"किती जण काम करतात?"

"पगारावर सहा."

"आणि बाकीचे?"

"मानधनावर चौदा कार्यकर्त्या आहेत, गावोगाव. आणि वीसेक स्वयंसेवक, कॉलेजची मुलं-मुली."

"म्हणजे चाळीस झाले की, दादा."

"पण ते कर्मचारी नाहीत ना!"

ताई म्हणाल्या, "कायद्यात आहेत." आणि स्क्रीनवर २०१३ च्या कायद्यातली कर्मचारी या शब्दाची व्याख्या लावायला सांगितली. मीच लावली. तेव्हा पहिल्यांदा ती नीट वाचली. कायम, तात्पुरता, रोजंदारीवरचा, मोबदला घेणारा किंवा न घेणारा, स्वयंसेवक म्हणून काम करणारा, सगळे त्यात येतात. आणि कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत सोसायटी, ट्रस्ट, स्वयंसेवी संस्था ही नावं स्पष्ट लिहिलेली आहेत. जिथे दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवीच. दहाच्या आत असाल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

आम्ही प्रोग्रामर लोक कोडमध्ये एखादी विचित्र ओळ दिसली की 'गिट ब्लेम' मारतो. म्हणजे ही ओळ कुणी, कधी आणि कुठल्या बगमुळे घातली ते बघतो. विनाकारण कुणी अशी ओळ लिहीत नाही. कायद्यात 'स्वयंसेवक' आणि 'विनामोबदला' कशासाठी? मी तिथेच बसून शोधायला लागलो. २०१३ वरून मागे गेलो १९९७ वर. सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल. त्यातल्या व्याख्येत काम करणारी बाई पगार घेत असो, मानधन घेत असो किंवा स्वेच्छेने काम करत असो, असं लिहिलंय. हो, 'मानधन'. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो शब्द वेगळा काढून लिहिला. त्याच्या मागे गेलो की आपण पोचतो राजस्थानात, १९८४ साली.

त्या वर्षी राजस्थान सरकारने महिला विकास कार्यक्रम सुरू केला, युनिसेफच्या मदतीने, सुरुवातीला सहा जिल्ह्यांत. रचना त्या काळाच्या मानाने नवी होती. सरकार, स्वयंसेवी संस्था आणि संशोधन संस्था असे तिघं मिळून तो चालवायचे. गावपातळीवर काम करणार गावातलीच एक बाई, तिला म्हणायचं साथिन. तिने गावच्या बायकांशी बोलायचं. पाणी, मजुरी, आरोग्य, शिक्षण, बालविवाह अशा विषयांवर. मानधन महिना २०० रुपये.

साथिनींचं प्रशिक्षण मात्र खरोखर चांगलं असायचं. निवासी शिबिरं. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या. यातल्या बऱ्याचजणींसाठी तेच पहिलं मोठं धाडस होतं. व्याख्यानं कमी, गाणी, नाटकं, गप्पा जास्त. न शिकलेल्या बाईला 'तुला काही कळत नाही' असं न म्हणता तिच्याच अनुभवापासून सुरुवात करायची, अशी पद्धत. मी हे वाचताना आमच्या चाळीस स्लाइड आठवल्या, आणि गप्प बसलो.

जयपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर भटेरी नावाचं गाव आहे. तिथल्या कुंभार समाजातल्या भंवरी देवी १९८५ मध्ये साथिन झाल्या. गावात वर्चस्व गुर्जरांचं. भंवरी देवींनी कामं केली, आणि गावाला त्यातली बरीचशी चाललीही. मग आलं १९९२. आखा तीज, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. त्या मुहूर्तावर तिकडे बालविवाह व्हायचे. सरकारने विरोधात मोहीम काढली आणि ती गावागावात पोचवायचं काम साथिनींना सांगितलं. भटेरीत एका गुर्जर कुटुंबात तान्ह्या मुलीचं लग्न ठरलं होतं. एक वर्षाचीही नव्हती ती. भंवरी देवींनी समजावलं. मग पोलीस आले, लग्न थांबवून परत गेले. दुसऱ्या दिवशी ते उरकलंच.

बघा हं, मोहीम सरकारची होती आणि आदेश वरून आलेला. गावाच्या डोळ्यासमोर चेहरा मात्र एकच, २०० रुपये मानधनावरच्या बाईचा. पोलीस जीपमधून निघून जातात, तिला तिथेच राहायचं असतं. गावाने बहिष्कार टाकला. तिच्याकडची मडकी घेणं लोकांनी बंद केलं.

२२ सप्टेंबर १९९२ ला शेतात काम करत असताना पाच पुरुषांनी नवऱ्याला मारहाण केली आणि त्याच्यासमोर भंवरी देवींवर सामूहिक बलात्कार केला, अशी त्यांची तक्रार. वैद्यकीय तपासणी चोवीस तासांत व्हायला हवी होती, झाली ५२ तासांनी. पोलिसांनी पुरावा म्हणून घागरा ठेवून घेतला, आणि नवऱ्याचा साफा गुंडाळून त्यांना परत जावं लागलं. नोव्हेंबर १९९५ मध्ये जयपूरच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं, मारहाणीसारख्या कमी गुन्ह्यांसाठी शिक्षा दिली. निकालातल्या जातीबद्दलच्या युक्तिवादांवर देशभर संताप झाला. वरच्या जातीचे लोक खालच्या जातीच्या बाईला हात लावणार नाहीत, या थाटाचा तो विचार होता. अपील उच्च न्यायालयात गेलं आणि वर्षानुवर्षं पडून राहिलं. आरोपी म्हातारे झाले, काहीजण मेले.

फौजदारी खटल्याची ही बाजू खूपजणांना माहीत असते. 'बवंडर' नावाचा सिनेमाही आला २००० साली. मला ज्याच्यावर थांबायचंय ते वेगळंच आहे.

ज्यांनी त्यांना कामावर ठेवलं, ते कुठे होते?

सरकारी कागदांवर साथिन ही कर्मचारीच नव्हती. ती समाजसेवा करणारी, मानधन घेणारी. कर्मचारी नाही म्हटल्यावर रजा, विमा, सुरक्षा असे प्रश्नच येत नाहीत. त्यात घटना घडली कुठे, तर तिच्या स्वतःच्या शेतात. मग नोकरी देणाऱ्याची जबाबदारी कशी? हाच तो बग. ज्या कामासाठी तिला पाठवलं त्या कामाचाच सूड तिच्यावर उगवला गेला, पण ते 'कामाच्या ठिकाणी' घडलं नाही, आणि ती 'कर्मचारी' नव्हती. दोन्ही व्याख्या तिच्या बाजूने रिकाम्या.

आणि जी गोष्ट मला त्या कार्यशाळेत सगळ्यात टोचली ती ही. साथिनीला शिबिरात सगळं शिकवलं होतं. बोलायचं कसं, उभं राहायचं कसं, घाबरायचं नाही. तिला गावात पाठवणाऱ्या वरच्या लोकांना कुणी काय शिकवलं होतं? बहिष्कार सुरू झाला तेव्हा कुणी जायचं, काय करायचं, कुणाला फोन करायचा, काही ठरलेलं होतं का? हिंमत खालच्या बाईने शिकायची, आणि वरच्यांनी फक्त मोहिमेचं परिपत्रक काढायचं! माझं हे मत जरा कडक वाटेल. कार्यक्रमातल्या बऱ्याच जणी आणि महिला संघटना भंवरी देवींच्या मागे ठाम उभ्या राहिल्या, मोर्चे काढले, खटला लावून धरला, हेही तितकंच खरं आहे. पण ती माणसं स्वतःहून उभी राहिली. व्यवस्थेत तशी सोय नव्हती.

बायकांच्या संघटनांनी मग हुशारी केली. फौजदारी खटला चालू द्या, आपण वेगळा प्रश्न विचारू, असं ठरवून त्या १९९२ मध्येच सर्वोच्च न्यायालयात गेल्या. प्रश्न होता, काम करणाऱ्या बाईला सुरक्षित ठेवणं ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे की नाही? याचिकाकर्त्यांत पहिलं नाव विशाखा या जयपूरच्या संस्थेचं, म्हणून विशाखा निकाल. म्हणजे 'विशाखा' हे कुठल्या पीडित बाईचं नाव नाही. मला इतकी वर्षं तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

१३ ऑगस्ट १९९७ ला निकाल आला. खंडपीठावर सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. किरपाल. या सुजाता मनोहर म्हणजे आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश, आणि पुढे तिथल्याच पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश. देशात या विषयावर कायदाच नव्हता. म्हणून न्यायालयाने राज्यघटनेतली समानतेची, जगण्याची आणि व्यवसाय करण्याची कलमं घेतली, भारताने १९९३ मध्ये मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा महिलांविषयीचा करार घेतला, आणि संसद कायदा करेपर्यंत पाळायची म्हणून मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. सरकारी, खासगी, सगळीकडे लागू. समितीच्या प्रमुख बाईच, निम्म्याहून कमी बायका चालणार नाहीत, आणि वरिष्ठांचा दबाव येऊ नये म्हणून बाहेरच्या संस्थेतली एक व्यक्ती. बाहेरच्या माणसाने छळ केला तरी काम देणाऱ्याने त्या बाईला मदत करायची, हेही त्यात आहे. भटेरी आठवलं ना?

निकालात भंवरी देवींचं नाव नाही. राजस्थानातल्या एका गावातल्या सामाजिक कार्यकर्तीवरची घटना हे याचिकेचं निमित्त, त्याचा खटला वेगळा चालू आहे, म्हणून इथे अधिक बोलत नाही, इतकंच.

पुढची जवळपास सोळा वर्षं संसदेने कायदा केला नाही. आणि इथे आपल्या पुण्याचा धागा येतो. आलोचना या पुण्यातल्या संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र पाठवलं. ठिकठिकाणच्या तक्रारी मांडल्या आणि सांगितलं की विशाखा कागदावरच आहे. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून घेतलं. २००४ मध्ये आदेश झाला की समितीचा अहवाल हाच चौकशी अहवाल धरायचा. नाहीतर काय व्हायचं, समितीपुढे बाईने सगळं सांगायचं, मग खात्याची चौकशी परत पहिल्यापासून, परत तेच प्रश्न. ऑक्टोबर २०१२ मध्ये अंतिम निकाल आला. नियम न बदलणाऱ्या राज्यांना दोन महिन्यांची मुदत दिली गेली. पुढच्या वर्षी कायदा झाला, ९ डिसेंबर २०१३ पासून लागू.

या कायद्याचं १९ वं कलम नक्की वाचा, त्यात मालकाची कर्तव्यं आहेत. समिती कोणकोण आहे याचा आदेश दिसेल अशा जागी लावायचा. कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक काळाने कार्यशाळा घ्यायच्या. आणि समितीच्या सदस्यांना वेगळं प्रशिक्षण द्यायचं. म्हणजे शिकायची जबाबदारी आता वरच्यावर. १९८४ च्या बरोबर उलट! आम्ही मात्र कार्यशाळेचं नेक्स्ट बटण केलं, आणि मी त्याची स्क्रिप्ट केली.

न शिकलेली समिती काय करते याचं उदाहरण गोव्यातलं आहे. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीने चौकशी केली, त्याची नोकरी गेली, उच्च न्यायालयाने कारवाई कायम ठेवली. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मुलींच्या तक्रारी खोट्या म्हणून नाही. चौकशी इतकी घाईत उरकली की समोरच्याला बाजू मांडायची नीट संधीच मिळाली नाही, म्हणून. प्रकरण परत मागे गेलं. चौदा वर्षांनी! कार्यशाळेत ताई म्हणाल्या, "समितीला वाटतं आपण बाईच्या बाजूने धावतोय. धावताना नियम पडले की नुकसान तिचंच होतं." त्याच निकालात न्यायालयाने म्हटलं की कायद्याच्या अंमलबजावणीत गंभीर त्रुटी आहेत, आणि समिती सदस्यांची नियमित प्रशिक्षणं घ्या.

दुपारी जेवताना त्या दादांशी बोललो. भला माणूस. वीस वर्षं संस्था चालवतोय, स्वतः जेमतेम पैसे घेतो. म्हणाले, "आमच्याकडे सगळे घरच्यासारखे आहेत हो. घरात कुणी समिती नेमतं का?" मी म्हणालो नाही काही, पण मनात आलं, घरातली तक्रार तरी कुठे जाते? चळवळीतून आलेल्या आपल्या मराठी संस्थांमध्ये 'कार्यकर्ता' हा शब्द फार मानाचा आहे, आणि असायलाही हवा. पण त्याच मानाच्या आडून सुट्टी मागणं, पैसे मागणं, तक्रार करणं कमीपणाचं ठरतं. अंगणवाडी सेविकांचंच बघा, त्यांनाही मानधनच. त्यांना ग्रॅच्युइटी मिळते हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावं लागलं.

दादांनी स्क्रीनवरच्या व्याख्येचा फोटो काढला. मग विचारलं, "ताई, तो बाहेरचा सदस्य कुठून आणायचा? परवडेल का आम्हाला?"

ताई हसल्या. "नियमात भत्ता लिहिलाय. दिवसाला २०० रुपये. शिवाय थ्री टियर एसी नाहीतर एसी बसचं भाडं."

"इतकंच?"

"इतकंच. आणि मी ज्या तालुक्यांत जाते तिथे एसी बस येत नाही. लाल डबा येतो."

सगळे हसले. मी लॅपटॉपवर ते २०० परत एकदा बघितलं.

सोमवारी ऑफिसला गेल्यावर ग्रुपवरचा तो जुना मेसेज शोधला. डिलीट फॉर एव्हरीवनची वेळ कधीच निघून गेली होती. त्याला रिप्लाय करून समितीतल्या पाचही जणांची नावं, ईमेल आणि बाहेरच्या सदस्य बाईंचा उल्लेख टाकला आणि मेसेज पिन केला. एकही अंगठा आला नाही. संध्याकाळी दुसऱ्या टीममधल्या एकीने वेगळा मेसेज करून विचारलं, "तक्रार किती दिवसांच्या आत करायची असते?" तीन महिने, मी लिहिलं, कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. या वेळी शोधावं लागलं नाही.

चला, भेटू पुढच्या रविवारी.